पंचावन्नच्या हद्दीत साठचा वेग : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

एप्रिल २०१७. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘मास्लेन्याक विरुद्ध अमेरिका’ या खटल्याची सुनावणी चालू होती. बोस्नियातून निर्वासित म्हणून आलेल्या एका स्त्रीने नवऱ्याच्या लष्करी नोकरीबद्दल खोटे सांगितले होते. त्यावरून तिला मिळालेले नागरिकत्व काढून घेता येईल का, हा प्रश्न होता. युक्तिवाद ऐन रंगात असताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलापुढे एक उदाहरण ठेवले. समजा, ताशी ५५ मैलांची हद्द असलेल्या रस्त्यावर मी ६० च्या वेगाने गाडी चालवली, पकडला गेलो नाही, आणि नागरिकत्वाच्या अर्जात तसे लिहिले नाही. मग वीस वर्षांनी सरकार माझ्या दारात येऊन ‘तुम्ही नागरिक नाही’ असे म्हणू शकेल का? सरकारची भूमिका शेवटपर्यंत ताणली, तर उत्तर ‘होय’ असेच येत होते. न्यायालयाने ती भूमिका जूनमध्ये फेटाळली. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलेल्या निकालाप्रमाणे, जे बेकायदेशीर वर्तन नागरिकत्व मिळण्यास कारणीभूत झाले नाही, त्याच्या आधारे फौजदारी खटल्यातून ते नागरिकत्व काढून घेता येत नाही.

वाहतुकीचे किरकोळ नियमभंग आणि नागरिकत्व यांच्या या अभ्यासक्षेत्राच्या उंबरठ्यावर वाचकाला आणून सोडायला याहून चांगला प्रसंग मला सापडला नाही. वेगाचे तिकीट, चुकलेला लाल दिवा, मुदत संपलेले गाडीचे रजिस्ट्रेशन या गोष्टी इतक्या किरकोळ आहेत की त्यांच्यावर अभ्यास काय करायचा, असे वाटणे साहजिक आहे. पण नागरिकत्वाच्या मुलाखतीच्या टेबलावर हेच तिकीट आले की त्याच्याभोवती तीन वेगळ्या व्यवस्था उभ्या राहतात. गुन्ह्याला नाव देणारा राज्याचा कायदा, माणसाच्या चारित्र्याबद्दल निर्णय देणारा संघराज्याचा कायदा, आणि अर्जदाराची स्वतःची स्मृती व कागदपत्रे. या तिघांचे एकमेकांशी नेहमी जुळतेच असे नाही. त्या न जुळण्यातून निर्माण होणारी भीती मी एडिसनपासून फ्रीमॉंटपर्यंत अनेक मराठी घरांत पाहिली आहे, आणि पुढील पाने त्या घरांसाठी तसेच कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली आहेत.

‘चांगल्या चारित्र्याची’ अट फार जुनी आहे. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने दोन वर्षांचा रहिवास आणि चांगले चारित्र्य मागितले. १७९५ मध्ये रहिवास पाच वर्षांचा झाला आणि चारित्र्याला ‘नैतिक’ हे विशेषण जोडले गेले. त्याच कायद्यांत गोऱ्या वर्णाचीही अट होती, आणि आपल्या वाचकाने ती विसरू नये. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना याच अटीवरून बाहेर ठेवले. हे दार १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने उघडले. वर्णाची अट गेली, चारित्र्याची राहिली. आज भारतातून गेलेल्या माणसाला मुलाखतीत आपल्या वागण्याबद्दल उत्तर द्यावे लागते, आपल्या जन्माबद्दल सफाई द्यावी लागत नाही. हा फरक लढून मिळालेला आहे.

मग हे चारित्र्य मोजायचे कशाने? या बाबतीत अभ्यासकाने १९४७ चा रेपुई खटला जरूर वाचावा. जन्मापासून गंभीर अपंगत्व असलेल्या स्वतःच्या मुलाचा जीव घेणाऱ्या एका बापाचा तो अर्ज होता. न्यायाधीश लर्नेड हँड यांच्यापुढे प्रश्न होता की समाजाची प्रचलित नीतिकल्पना या कृत्याकडे कशी पाहते. अर्ज फेटाळला गेला, कारण घटना पाच वर्षांच्या कालावधीत, अगदी थोड्या दिवसांच्या फरकाने, बसत होती. मात्र नव्याने अर्ज केल्यास ती आड येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. इतक्या टोकाच्या प्रकरणातून कायद्याची दोन तत्त्वे स्पष्ट होतात. तपासणीचा मुख्य काळ अर्जाआधीची पाच वर्षे असतो (नागरिक जोडीदाराबरोबर राहणाऱ्यांसाठी तीन). आणि आजच्या नियमांत मापदंड ठेवला आहे तो अर्जदार राहतो त्या भागातल्या सरासरी नागरिकाचा, संतपुरुषाचा नव्हे. सरासरी नागरिकाला कधीतरी वेगाचे तिकीट मिळतेच. म्हणून एखाद्या तिकिटामुळे चारित्र्य गेले असे कोणताही समंजस अधिकारी म्हणत नाही, आणि हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

तरीही लोक अडखळतात. कारण अडचण तिकिटात नसून तिकिटाबद्दलच्या उत्तरात असते.

अर्जाचा नमुना म्हणजे एन-४००. त्यात विचारलेले असते की तुम्हाला आजवर कधीही अटक झाली, ताब्यात घेतले गेले किंवा ‘साइट’ केले गेले आहे का. पोलिसाने लिहून दिलेले वाहतुकीचे तिकीट हेही ‘साइट’ करणेच. प्रश्नाला पाच वर्षांची मर्यादा नाही. तो सगळ्या आयुष्याचा आहे, आणि त्याला देशाचीही सीमा नाही. आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. अमेरिकी नागरिकत्व व स्थलांतर सेवा, म्हणजे यूएससीआयएस, आपल्या धोरणपुस्तिकेत सांगते की अटक झाली नसेल, दंड ५०० डॉलरहून कमी असेल किंवा फक्त लायसन्सवर पॉइंट आले असतील, आणि दारू वा अमली पदार्थांचा संबंध नसेल, तर त्या प्रसंगाची कागदपत्रे जोडण्याची गरज नाही. ही सवलत कागदपत्रांपुरती आहे. ‘सांगू नका’ असे ती म्हणत नाही. तोंडोतोंडी पसरताना मात्र तिचे रूप ‘पाचशेच्या आतलं तिकीट लिहायचंच नसतं’ असे होते, आणि मग मुलाखतीत तोच प्रश्न तोंडी आला की माणूस गडबडतो. मराठी मंडळांच्या जेवणाच्या पंगतीत हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की या प्रस्तावनेत त्याला सर्वांत जास्त जागा द्यावीशी वाटली.

मुलाखत शपथेवर होते. अधिकारी उजवा हात वर करायला सांगतो आणि मग अर्जातले प्रश्न एकेक करून पुन्हा विचारतो. येथे १९८८ चा कुंगिस खटला महत्त्वाचा ठरतो. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांच्या निकालाप्रमाणे, नागरिकत्वाचा लाभ मिळवण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटे बोलणे हे चांगल्या चारित्र्याच्या आड येते, मग लपवलेली गोष्ट कितीही क्षुल्लक असो. त्या गोष्टीचे महत्त्व तपासण्याची गरजच उरत नाही. म्हणजे ज्या तिकिटाने अर्ज नाकारला गेला नसता, तेच तिकीट मुद्दाम नाकारले तर नाकारण्याचे कारण बनू शकते. पण याच निकालाची दुसरी बाजू अर्जदाराचे रक्षण करते. खोटेपणाला हेतू लागतो. विसरणे, प्रश्न नीट न समजणे, वीस वर्षांपूर्वीच्या पावतीचा महिना चुकणे हे खोटे बोलणे नव्हे. आणि चुकीचे उत्तर तोंडातून गेले, तर अधिकाऱ्याने पकडण्याआधी स्वतःहून, लगेच दुरुस्त करणाऱ्याला ही व्यवस्था जागा देते. म्हणून मी सांगेन की ‘मला आठवतं त्याप्रमाणे’ असे शब्द वापरण्यात कमीपणा वाटून घेऊ नये. आणि ज्यांच्या बाबतीत अटक, दारू किंवा अजून न मिटलेले प्रकरण आहे, त्यांनी अर्जाआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटावे.

राज्याराज्यांतला फरक हा या क्षेत्राचा सर्वांत रसाळ भाग आहे. कॅलिफोर्नियात साधे वेगाचे तिकीट हा ‘इन्फ्रॅक्शन’, म्हणजे तुरुंगाची शिक्षा नसलेला नियमभंग. टेक्सासात तसेच तिकीट ‘क्लास सी मिसडिमीनर’ ठरते, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा का होईना, फौजदारी गुन्हा. व्हर्जिनियात तर हद्दीपेक्षा २० मैल जास्त किंवा कुठेही ८५ मैलांच्या वर वेग गेला, की ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ लागते. तो ‘क्लास वन मिसडिमीनर’ असून त्याला कायद्याने बारा महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड सांगितला आहे. वॉशिंग्टनच्या नोकरीसाठी उत्तर व्हर्जिनियात राहणारा, सकाळी मोकळ्या हायवेवर घाई करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आपल्याला ‘एक तिकीट मिळालं’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात प्रत्यक्षात काय आहे हे त्याला बहुधा माहीत नसते. न्यू जर्सीत उलटी स्थिती दिसते. तिथे दारू पिऊन गाडी चालवणे राज्याच्या कायद्यात वाहतुकीच्या नियमभंगातच मोडते, गुन्ह्यात नाही. पण नागरिकत्वाच्या अर्जात ते साध्या तिकिटासारखे धरता येत नाही. दारूचा संबंध आला की सवलत संपली आणि सगळी कागदपत्रे आली. २०१९ मध्ये ॲटर्नी जनरल विल्यम बार यांनी कास्तियो-पेरेझ प्रकरणात ठरवले की तपासणीच्या काळात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोन किंवा अधिक वेळा दोषी ठरलेल्या माणसाचे चारित्र्य चांगले नाही, असे गृहीत धरले जाईल. ते खोडून काढण्याचा भार त्याच्यावर.

आपल्याकडच्या सवयीचाही इथे विचार करायला हवा. महाराष्ट्रात ई-चलान गाडीच्या नंबरावर येते. गाडी कुणी चालवली याची चौकशी न होता मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो, आणि कित्येक चलाने लोकअदालतीत तडजोडीने निकालात निघतात. त्यामुळे ‘पैसे भरले, विषय संपला’ ही धारणा पक्की होते. अमेरिकेत पोलिसाने थांबवून दिलेले तिकीट गाडीच्या नव्हे, चालवणाऱ्याच्या नावावर असते, आणि पुष्कळ वेळा ते न्यायालयाचे समन्सच असते. पैसे भरणे म्हणजे दोष कबूल करणे. न भरणे आणखी वाईट, कारण हजर न राहिल्याबद्दल लायसन्स निलंबित होऊ शकते, वॉरंट निघू शकते, आणि निलंबित लायसन्सवर गाडी चालवणे हा बहुतेक ठिकाणी स्वतंत्र गुन्हा. पाच वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातून जाताना मिळालेले आणि घर बदलण्याच्या गडबडीत हरवलेले एक तिकीट या मार्गाने मोठे होते.

म्हणून मुलाखतीची तयारी म्हणजे आधी स्वतःचा छोटा इतिहास लिहिणे. राज्याच्या वाहन खात्याकडून ड्रायव्हिंग रेकॉर्डचा उतारा मिळतो, पण त्यात जुनी वर्षे नसू शकतात. त्यापुढे ज्या गावात वा काउंटीत तिकीट मिळाले तिथल्या कोर्ट क्लार्ककडे विचारावे लागते. निकालाची प्रमाणित प्रत मिळाली तर उत्तम. नोंद नष्ट झाली असेल तर तसे पत्र मिळते, आणि तेही कागदच आहे. बँकेची स्टेटमेंटे, विमा कंपनीचा जुना पत्रव्यवहार, ईमेलमधला ‘पेमेंट रिसीव्हड’ यांतूनही तारखा सापडतात. खटला रद्द झाला किंवा नोंद पुसून टाकली असे न्यायाधीशाने सांगितले, तरी अर्जातल्या प्रश्नाला उत्तर ‘होय’ असेच राहते. वयस्कर आई-बाबांच्या बाबतीत मुलांनी हे काम त्यांच्याशेजारी बसून करावे. त्यांच्या वतीने परस्पर ‘नाही’वर खूण करू नये.

या क्षेत्रात अजून पुष्कळ काम व्हायचे आहे. स्टॅनफर्डच्या ओपन पोलिसिंग प्रकल्पाने सुमारे दहा कोटी वाहतूक थांब्यांच्या नोंदी तपासून दाखवले की कृष्णवर्णीय चालकांना थांबवण्यात वंशभेद आहे. अंधार पडल्यावर, चेहरा दिसेनासा झाल्यावर, त्यांचे थांबवले जाण्याचे प्रमाण कमी होते. तिकिटांची यादी ही मग फक्त चालवणाऱ्याच्या वागण्याची नोंद राहत नाही. कोणाला थांबवले जाते याचीही ती नोंद असते. हे लक्षात घेतल्याशिवाय तिच्यावरून चारित्र्य ठरवणे मला धोक्याचे वाटते. हा धोका आता वाढला आहे. १५ ऑगस्ट २०२५ च्या धोरणपत्रात यूएससीआयएसने अधिकाऱ्यांना अर्जदाराचे समग्र मूल्यमापन करण्यास सांगितले, आणि एरवी कायदेशीर असूनही नागरी जबाबदारीशी विसंगत ठरू शकणाऱ्या वर्तनाच्या उदाहरणांत बेदरकार किंवा सवयीने केलेल्या वाहतूक नियमभंगांचा उल्लेख केला. सवय किती तिकिटांनी होते, हा आकडा त्यात नाही. दोन? चार? दहा वर्षांत सहा? पुढची काही वर्षे निर्णय जमवणे, ते शहराशहरांत ताडून पाहणे आणि या शब्दाला अर्थ कसा दिला जातो हे टिपणे, हे तरुण अभ्यासकांचे काम आहे. ते काम मराठीतही व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाचकाने आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी, कारण ती बहुतेकांना उशिरा कळते. अर्ज भरला, मुलाखत झाली, मंजुरीही मिळाली, तरी शपथविधी होईपर्यंत माणूस नागरिक झालेला नसतो. शपथविधीच्या सूचनापत्राबरोबर, म्हणजे एन-४४५ बरोबर, पुन्हा एक प्रश्नावली येते. मुलाखतीनंतर काय घडले, हे त्यात विचारलेले असते. त्यात वाहतुकीच्या नियमभंगांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि मधल्या काळात तिकीट मिळालेच असेल, तर ते तिथे लिहून पावती बरोबर न्यायची असते.