थंड मुलखांत गेलेलीं आपलीं माणसें

आपल्या बोलण्यांत एक फार सोयीचें वाक्य आहे: 'तिकडची हवा त्याला मानवली नाहीं.' घाटावरचा माणूस कोंकणांत गेला आणि तापानें अंथरुणाला खिळला, कीं हें वाक्य. विलायतेस शिकावयास गेलेला मुलगा खंगून परत आला, कीं पुन्हां हेंच. तें उच्चारलें म्हणजे पुढें कोणाला कांहीं विचारावयाचें उरत नाहीं. हवेवर खटला भरतां येत नाहीं, आणि तिच्या आड उभ्या असलेल्या दुसऱ्या कितीतरी गोष्टी त्यामुळें निर्दोष सुटतात. उष्ण देशांतून उत्तरेकडील थंड मुलखांत गेलेल्या आपल्या लोकांच्या कांहीं हकीकती मी आज सांगणार आहें, त्या या वाक्याची थोडी उलटतपासणी करावी म्हणून.

पहिली हकीकत सर्वांच्या परिचयाची आहे. पण आपण ती धैर्याची कथा म्हणून ऐकत आलों, हिवाळ्याची म्हणून बहुधा ऐकली नाहीं. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणास झाला. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला, आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखांतून उत्पन्न झाला असें त्यांचे चरित्रकार सांगतात. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर कोल्हापूर, भूज, कलकत्ता, सेरामपूर असा त्यांचा संसार फिरत राहिला. म्हणजे अमेरिकेस जाण्यापूर्वीं नाना ठिकाणचें हवापाणी त्यांनीं अनुभविलें होतें. परंतु रात्रीं अंगणांत ठेवलेलें पाणी सकाळीं दगड होऊन बसावें, असें एकहि ठिकाण त्यांत नव्हतें.

निघण्यापूर्वीं, १८८३ सालीं, सेरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं एक व्याख्यान दिलें. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात त्यांपैकीं सहा निवडून त्यांचीं उत्तरें त्यांनीं त्यांत दिलीं. अमेरिकेस कां जातां? येथें शिकण्याची सोय नाहीं काय? एकट्याच कां जातां? परत आल्यावर जात वाळींत टाकणार नाहीं काय? कांहीं संकट आलें तर काय कराल? आणि आजवर कोणा स्त्रीनें न केलेलें तुम्हींच कां करावें? या सहांत थंडीविषयीं उघड प्रश्न एकहि नाहीं. समाजाला त्यांच्या जातीची काळजी होती; फुफ्फुसांची नव्हती. वस्तुतः काळजी करण्यासारखें कारण आधींपासूनच होतें. कलकत्त्यास असतांनाच त्यांची प्रकृति ढासळली होती. डोकें सारखें दुखे, अधूनमधून ताप येई, अशक्तपणा जात नसे. अमेरिकेंतून कार्पेंटरबाईंनीं औषधें पाठविलीं, तरी गुण आला नाहीं.

या कार्पेंटरबाई न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या. गोपाळरावांचा एका मिशनरी गृहस्थाशीं झालेला पत्रव्यवहार छापून आला होता, तो वाचून त्यांनीं आपण होऊन पत्र घातलें आणि पुढें आनंदीबाईंच्या त्या मावशी झाल्या. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं कलकत्ता सोडलें आणि ४ जूनला त्या न्यू यॉर्कास उतरल्या. जून महिना! उत्तरेकडच्या देशाचें हें एक कपट आहे, कीं तो पाहुण्याला प्रथम उन्हाळा दाखवितो. रोझेल येथील झाडी, लांबलेल्या संध्याकाळा आणि मावशीचें घर यांत ते पहिले महिने गेले. खरी परीक्षा शरदृतूंत फिलाडेल्फियास गेल्यावर सुरू झाली. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनीं त्यांना तीन वर्षांकरितां ६०० डॉलरांची शिष्यवृत्ति दिली होती. मुंबईस जानेवारी महिन्यांत सरासरी उष्णमान ७५ अंश फॅरेनहाइटच्या जवळपास असतें. फिलाडेल्फियास तेंच गोठणबिंदूच्या, म्हणजे ३२ अंशांच्या, आगेमागें असतें.

नऊवारी लुगडें ज्या हवेसाठीं निर्माण झालें त्या हवेंत त्याच्या तोडीचा पोशाख नाहीं. काम करावयास मोकळा, घाम वाळावयास सोपा. पण त्यांत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि बर्फावरून वर्गास जाणाऱ्या मुलीला त्या उघड्या ठेवून चालत नाहींत. आनंदीबाईंनीं पाश्चात्य झगा घेतला नाहीं. परकरावर गुजराथी पद्धतीचें, घोट्यापर्यंत पोंचणारें लुगडें त्या नेसूं लागल्या. आज हा बदल वाचतांना क्षुल्लक वाटतो. त्यांना मात्र त्याबद्दल पत्रांतून पतीची समजूत घालावी लागली. आहार त्यांनीं शाकाहारीच ठेविला. त्यांच्या राहण्याच्या खोलींतील आगटीची हकीकत तर आपल्या घरांतील प्रत्येक गृहिणीला चटकन् समजेल. ती पेटविली कीं खोली धुरानें भरे, आणि विझविली कीं थंडी. धूर किंवा थंडी, यांपैकीं एक पत्करून अभ्यास करावयाचा. थंडीनें त्यांना छळलें हें खरें. पण ज्या देशांत हजारों लोक त्याच महिन्यांत उबदार खोल्यांत बसून वाचीत होते, त्या देशांत ही एक खोली थंड राहिली याचा दोष हवेला देतां येईल काय?

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत स्त्रियांच्या विभागावर नेमणूकहि झाली. परंतु तोंपर्यंत क्षयानें शरीर पोखरलें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशीं आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली व ती न्यू यॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत आहे.

'अमेरिकेची हवा मानवली नाहीं' हा निकाल तेव्हांच लागला. पण क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केला होता, आनंदीबाई जहाजावर चढण्यापूर्वीं एक वर्ष. क्षय थंडीपासून होत नाहीं. तो माणसापासून माणसाला होतो, आणि शरीरांत वर्षानुवर्षें दबा धरून बसूं शकतो. तो त्यांना फिलाडेल्फियास जडला कीं कलकत्त्याहून बरोबर गेला, हें आज सिद्ध करतां येणार नाहीं. माझें मत असें, कीं थंडीनें रोग दिला नाहीं; धूर, दगदग आणि अपुरें पोषण यांनीं मात्र त्याला दार उघडून दिलें असावें. पुण्याची कोरडी, उबदार हवा त्यांना जगवूं शकली नाहीं, ही गोष्टहि तो निकाल देणाऱ्यांनीं लक्षांत घेतलेली दिसत नाहीं. क्षयावर चालणारें पहिलें परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हातीं येण्यास १९४३ साल उजाडावें लागलें.

आनंदीबाईंच्या आधीं कितीतरी वर्षें आपल्याकडचीं हजारों माणसें उत्तरेकडच्या थंडींत जाऊन आलीं होतीं. पण त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. ते खलाशी होते. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. बंगाल, गुजराथ आणि आपली रत्नागिरीची किनारपट्टी येथून ते जहाजांवर चढत. लंडनच्या गोदींत जहाज रिकामें झालें, कीं परतीचें काम मिळेपर्यंत त्यांनीं कोठें राहावें याची वास्तपुस्त फारशी कोणी घेत नसे. सुती कपड्यांनिशीं भर हिवाळ्यांत रस्त्यावर पडलेले हे लोक पाहून अखेर १८५७ सालीं लंडनच्या पूर्व भागांत त्यांच्याकरितां एक धर्मशाळा उघडण्यांत आली.

पुढें या खलाशांच्या करारपत्रांत एक चमत्कारिक कलम शिरलें. ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३८ अक्षांशाच्या उत्तरेस त्यांना नेऊं नये, असें तें कलम. कारण काय, तर उष्ण देशांतील माणसाला ती थंडी सोसत नाहीं! वरकरणीं हें कलम दयेचें आहे. परंतु याच खलाशांना गोऱ्या खलाशांच्या मानानें फारच थोडा पगार मिळे, आणि आपली नोकरी ते हिसकावतील ही धास्ती गोऱ्या खलाशांना होती. त्या भांडणांत हवामानाचा मुद्दा फार उपयोगी पडला, असें या विषयाच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. खलाशाला लोंकरीचा अंगरखा व जाड बूट देणें हा दुसरा मार्ग होता. त्याला पैसे पडतात, रेघ ओढण्यास पडत नाहींत. फिलाडेल्फिया ४० अक्षांशाच्या जवळ आहे. ज्या रेघेपलीकडे रत्नागिरीच्या धट्ट्याकट्ट्या खलाशानें हिवाळ्यांत जाऊं नये असें पुढें ठरलें, तिच्यापलीकडे कल्याणची ती अशक्त मुलगी तीन हिवाळे काढून, परीक्षा देऊन आली होती.

आतां केंब्रिजकडे वळूं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म दापोलीजवळील मुर्डी या गांवीं १८७६ सालीं झाला. १८९६ सालीं ते केंब्रिजला गेले, १८९९ सालीं सीनिअर रँग्लर झाले, परत येऊन फर्ग्युसन कॉलेजचें प्राचार्यपद त्यांनीं दीर्घकाल भूषविलें आणि १९६६ सालीं नव्वद वर्षांचे होऊन वारले. विलायतेच्या हवेनें कोंकणी माणूस मरतोच असा सिद्धांत मांडणाऱ्यानें आधीं रँग्लरसाहेबांची परवानगी घ्यावी.

परांजप्यांनंतर बरोबर अठरा वर्षांनीं, १९१४ च्या एप्रिलांत, श्रीनिवास रामानुजन त्याच केंब्रिजला पोंचले. मद्रासला हिवाळा नांवालाच असतो. रात्रीं आपल्याला फार थंडी वाजते, ओव्हरकोट घालून व वर शाल पांघरूनहि भागत नाहीं, असें त्यांनीं प्रशांतचंद्र महालनोबीस यांना सांगितलें. महालनोबीस तेव्हां तेथें विद्यार्थी होते. त्यांनीं निजण्याची खोली पाहिली, तों बिछान्यावर ब्लॅंकेटें भरपूर, पण इंग्रजी रीतीप्रमाणें चारी बाजूंनीं गादीखालीं खोंचलेलीं आणि वर पलंगपोस. त्यांच्या आंत शिरावयाचें असतें हें रामानुजनांना कोणी सांगितलेंच नव्हतें. ते बिचारे वर निजत होते! गणितांत ज्यानें हार्डीसारख्याला थक्क केलें त्याला अंथरुणाचें हें कोडें सुटूं नये, याचें हसूं येतें खरें. पण मला तें जरा हळूच यावें असें वाटतें. आपण लहानपणीं गोधडी आपोआप अंगावर घेतों, त्यामागेंहि कोणाची तरी शिकवण असतेच.

१९१७ सालीं ते आजारी पडले. क्षयाचा संशय आला, आणि तत्कालीन पद्धतीप्रमाणें त्यांना मोकळ्या हवेच्या आरोग्यधामांत ठेविलें. तेथील उपचार म्हणजे खिडक्या सताड उघड्या आणि खोलींत विस्तव नाहीं. मॅटलॉक येथून त्यांनीं या थंडीची तक्रार पत्रानें केली आहे. म्हणजे पाहा: एकीकडे थंडीनें माणूस मरतो म्हणावयाचें, आणि दुसरीकडे त्याच थंडीला औषध मानावयाचें. १९१९ सालीं ते परत आले व २६ एप्रिल १९२० रोजीं मद्रासला वारले, वय ३२. पुढें १९९४ सालीं डॉक्टर यंग यांनीं सर्व नोंदी तपासून असें मत मांडलें, कीं हा क्षय नसून आमांशाच्या जंतूंमुळें झालेला यकृताचा विकार असावा, आणि त्याचें बीज रामानुजन हिंदुस्थानांतूनच घेऊन गेले असावेत. तें मत बरोबर असेल, तर केंब्रिजची हवा या खटल्यांतून जवळजवळ सुटते.

महायुद्धांतील शिपायांविषयीं थोडकेंच सांगतों. हिंदी फौज २६ सप्टेंबर १९१४ रोजीं मार्सेय बंदरांत उतरूं लागली. पुष्कळांच्या अंगावर सुती खाकी होती. गरम कपडे हळूहळू येत राहिले, आणि दरम्यान फ्लँडर्सच्या चिखलानें भरलेल्या खंदकांत पाय सडूं लागले. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून काढून मेसोपोटेमियाकडे रवाना झालें. तिकडच्या उन्हाळ्यानें किती बळी घेतले, ही निराळी कहाणी आहे.

या सर्व हकीकतींत एक गोष्ट कोणाच्याच लक्षांत आली नव्हती. उत्तरेच्या देशांत थंडी अधिक, हें सर्वांना दिसतें. ऊन कमी, हें चटकन् जाणवत नाहीं. आपली कातडी सांवळी, तिला ड जीवनसत्त्व तयार करण्यास ऊन अधिक लागतें; आणि तिकडे तर हिवाळ्याचे कित्येक महिने सूर्य क्षितिजाजवळूनच फिरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हिंदुस्थान व पाकिस्तान येथून स्कॉटलंडांत जाऊन राहिलेल्या कुटुंबांतील मुलांना मुडदूस होऊं लागल्याचें १९६२ सालीं ग्लासगोच्या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें. हीं मुलें उबदार घरांत राहत होतीं, त्यांना लोंकरीचे कपडे होते, पोटभर जेवणहि होतें. १९७९ सालीं तेथें आशियाई मुलांना ड जीवनसत्त्वाचे थेंब फुकट देण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढील कांहीं वर्षांत मुडदुसासाठीं इस्पितळांत दाखल होणाऱ्या मुलांची संख्या झपाट्यानें उतरली.