बाबरचे ३३ हात आणि भिश्त्याची मशक

उन्हाळी सुट्टी जवळ आली की पोहण्याच्या वर्गांच्या पाट्या लागतात. आपल्या वस्त्यांतून मुलांची नावे नोंदवली जातात, मुलींची क्वचितच. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘आपल्यात हे चालत नाही.’ पण आपल्यात काय चालत आले आहे, हे एकदा इतिहासाला विचारायला हवे.

मुलांना पोहणे, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, हा उपदेश हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितला जातो. अरबस्तानासारख्या कोरड्या मुलखातल्या परंपरेने पोहण्याला तिरंदाजीच्या पंक्तीत बसवले, यातच त्याचे मोल कळते.

बाबर पट्टीचा पोहणारा होता. १५२९ मध्ये त्याने गंगा पोहून पार केली आणि हात मोजले. ते ३३ भरले. मग न थांबता तो पोहतच परत आला. वाटेतल्या बाकी नद्या तो पोहला होता, गंगाच तेवढी राहिली होती, अशी नोंद त्याने आत्मचरित्रात केली आहे.

दहाच वर्षांनी, जून १५३९ मध्ये, त्याच गंगेकाठी चौसा येथे शेरखानाने हुमायूनच्या छावणीवर अचानक छापा घातला. हुमायूनने घोडा नदीत घातला, पण प्रवाहात घोडा सुटला आणि बादशाह गटांगळ्या खाऊ लागला. तेव्हा निजाम नावाच्या भिश्त्याने हवा भरलेली मशक पुढे केली आणि तिच्या आधाराने हुमायून पैलतीराला लागला. उपकाराची फेड म्हणून त्याने त्या भिश्त्याला पुढे अल्पकाळ तख्तावर बसवले. बिरादरीच्या उतरंडीत भिश्त्याला आजही खाली बसवणाऱ्यांनी हे विसरू नये.

मशकेचे तत्त्व आपल्याकडेही ठाऊक होते. गावाकडे मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून त्याला विहिरीत उतरवत. आत कोंडलेली हवा अंग वर धरते, भीती मोडते, हातपाय लयीत येतात आणि मग एक दिवस भोपळा सोडायचा.

चौशाची कथा शाळेत भिश्त्यापाशी संपते. बाबरची मुलगी गुलबदन बेगम मात्र ‘हुमायूननामा’त पुढचे लिहिते. त्या पळापळीत जनान्यातल्या अनेक स्त्रिया हरवल्या. हुमायूनची लहानगी मुलगी अकीकाही त्यांत होती. त्या बुडाल्या की त्यांचे आणखी काही झाले, याची खबर कधीच लागली नाही. बादशाहापर्यंत मशक पोहोचली, त्या मुलीपर्यंत काहीच पोहोचले नाही.

आज लढाई नाही, पण नदी, खाणीतले डोह आणि शेततळी आहेत. कपडे धुवायला, पाणी भरायला काठावर मुलीच जातात. पडद्याचा प्रश्न असेल तर तो सोडवता येतो. तलावावर स्त्रियांसाठी वेगळी वेळ मागा, शिकवायला बाई मागा, अंगभर पोशाख शिवा. मोहल्ला कमिटीने आणि शाळेने मिळून अर्ज केला तर तो ऐकला जाण्याची शक्यता वाढते. पाण्यात पाय घसरला, तर पाणी मुलगा-मुलगी बघत नाही. या सुट्टीत मुलाचे नाव नोंदवाल, त्याच कागदावर त्याच्या बहिणीचेही लिहा.