भाऊच्या धक्क्याची कुळकथा

मुंबईत गव्हर्नरांच्या नावाने बंदरे निघाली, राजपुत्राच्या नावाने गोदी निघाली. पण उरण-अलिबागकडचा माणूस ज्या धक्क्यावरून लाँचमध्ये चढतो, त्याला नाव आहे ते एका कारकुनाचे. सरकारी कागदावर तो फेरी व्हार्फ. टॅक्सीवाल्याला मात्र भाऊचा धक्काच सांगावे लागते.

हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, जातीने पाठारे प्रभू. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते. लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत. मुंबईला तेव्हा लष्कराच्या आणि मालाच्या जहाजांची काळजी होती, उतारूंची नव्हती. मचवा उथळ पाण्यात थांबे. पुढे चिखल तुडवत जायचे, नाहीतर खलाशाच्या खांद्यावर बसून काठ गाठायचा. ओहोटीला तर हाल विचारू नयेत. भाऊंनी चिंचबंदर-मस्जिद बंदराच्या बाजूला समुद्र हटवून धक्का बांधायचे अंगावर घेतले. भर घालायला शहराचा कचरा वापरला, असे सांगतात. १८४१ मध्ये धक्का उभा राहिला. भाऊंना कोणी साधुसंत ठरवू नये. बांधलेल्या जागेतून उत्पन्न येणार, हा हिशेब त्यांना नक्कीच कळत होता. पण त्याच हिशेबात कोकणच्या माणसाचे पाय कोरडे राहिले, हे त्याने लक्षात ठेवले.

१८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला. भरावावर भराव पडून किनारा पुढे सरकला. आजचा धक्का माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनापासून जवळ आहे. जागा बदलली तरी उतारूंनी नाव सोबत आणले. नव्या धक्क्याला नवे नाव रुजवणे कोणत्याच साहेबाला जमले नाही.

या धक्क्याच्या नशिबी एक काळा दिवसही आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सकाळी इथून सुटली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घरी निघालेले चाकरमानी त्यांत होते. पोहत सुटलेल्यांनी किनारा गाठला, तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली. महिन्याभरात स्वातंत्र्य आले. रायगडातल्या कित्येक घरांत मात्र त्या वर्षीची आठवण आजही आधी ‘रामदास’चीच निघते.

आता धक्क्यावर पहाटे मासळीचा बाजार भरतो, दिवसभर उरणजवळच्या मोरा बंदराच्या आणि रेवसच्या लाँच सुटतात. मार्च २०२० मध्ये मांडव्याची, गाड्याही नेणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त पडणारी वाट मोटारीसकट तासाभरात संपते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, तेव्हा लाँचचे दिवस भरले असे अनेकांना वाटले. पण सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. उरणहून मासळीची पाटी घेऊन निघालेल्या बाईला तो पूल असून नसल्यासारखाच.

रो-रोसाठी वातानुकूलित टर्मिनल झाले, याचा आनंदच आहे. मोरा बंदरात मात्र गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, फेऱ्या खोळंबतात. तिथला गाळ दरवर्षी वेळेवर काढावा, एवढे तरी मेरिटाइम बोर्डाने करावे.