वऱ्हाडचे प्रतिनिधी

नांदुरा हे वऱ्हाडातले, ज्ञानगंगेच्या काठचे, भुसावळ–बडनेरा रेल्वेमार्गावरचे गाव. आज ते बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. इंग्रजी अमदानीत ते मलकापूर तालुक्यात मोडत असे. १८५३ पासून १९४७ पर्यंत नांदुऱ्याचा रहिवासी कागदोपत्री निजामाचा प्रजाजन होता, पण त्याचा शेतसारा इंग्रज अधिकारी वसूल करीत आणि त्याच्यावर चालणारे कायदेही तेच लावीत. त्याने प्रतिनिधी कुठे पाठवायचा, आणि पाठवलेला प्रतिनिधी इतर सभासदांच्या बरोबरीचा मानायचा की नाही, हा प्रश्न वऱ्हाडच्या चारही जिल्ह्यांत दीर्घकाळ लोंबकळत राहिला. राष्ट्राच्या राजधानीत राहणाऱ्यांना विधिमंडळात पूर्ण प्रतिनिधित्व असावे का, हा वाद दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये अजून चालतो. वऱ्हाडचा पेच त्याच जातीचा होता: भूमीचा कायदेशीर दर्जा वेगळा, म्हणून माणसांचा हक्कही वेगळा.

या पेचाचे मूळ १७२४ मध्ये आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्याच साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्क आसफजाहने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनच्या सुभ्यांवर, त्यांत वऱ्हाडवर, आपला अंमल बसवला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडात चौथाई आणि सरदेशमुखी बसवली. एकाच गावाकडून दोन सरकारे वसूल घेत. या दोअमलीत रयत दोन्हीकडून भरडली गेली. १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगड येथे भोसल्यांचा पाडाव झाला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला.

निजामाच्या रक्षणासाठी म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभी राहिलेली हैदराबाद कंटिंजंट ही फौज त्याच्याच खजिन्यावर पोसली जात होती. पगार थकत गेले, कंपनीचे कर्ज वाढत गेले. २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिर-उद-दौलाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवचा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याची परतफेड १८६० च्या तहात झाली: सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर आणि धाराशिव परत गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतला. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी पुढे अनेक वर्षे तो परत मागितला. ती मागणी फेटाळली गेली. वऱ्हाड कुणाचा, या भांडणात दोन सरकारे होती. तिसरा पक्ष, म्हणजे तिथे राहणारी माणसे, कुणाच्याच विचारात नव्हती.

या व्यवस्थेत कायदे कसे होत, हे नीट पाहिले पाहिजे, कारण प्रतिनिधित्वाचा सगळा प्रश्न त्यातूनच निघाला. वऱ्हाड हा ‘ब्रिटिश हिंदुस्थान’चा भाग नव्हता, तो परक्या राज्याचा मुलूख होता आणि इंग्रज तिथे निजामाच्या वतीने कारभार करीत. त्यामुळे कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलला वऱ्हाडसाठी कायदा करता येत नसे. गव्हर्नर जनरल कार्यकारी हुकमाने हवे ते कायदे वऱ्हाडला लागू करी. हैदराबादचा रेसिडेंट या मुलखाचा प्रमुख, त्याच्या हाताखाली अमरावतीचा कमिशनर, त्याच्या हाताखाली जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर. ग्रामीण बोर्डांचा १८८५ चा कायदा, नगरपालिकांचा १८८६ चा कायदा, जमीन महसुलाची १८९६ ची संहिता ही सगळी याच वाटेने आली. यांतल्या एकावरही कोणत्या सभागृहात चर्चा झाली नाही.

कापसाच्या बाजाराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. नांदुऱ्याच्या पुढच्या जलंब स्टेशनवरून खामगावला फाटा निघाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो सुरू करायला स्वतः आला. वऱ्हाडच्या कापसाची किंमत साम्राज्याला किती होती, ते यावरून कळते. या कापसाच्या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी १८८६ मध्ये कारंजा येथे रेसिडेंटच्या हुकमाने नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. देशातला हा या प्रकारचा पहिला कायदा, आणि मापाडी, वजनकाटे, दलाली यांना त्याने नियम घातले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. पण बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती, आणि ज्याच्या गाडीत कापूस होता त्या शेतकऱ्याला जागा नव्हती. १९२८ मध्ये शाही शेती आयोगाने या उणिवेकडे लक्ष वेधले. कायदा हुकमाने येतो तेव्हा कुणाला विसरले, हे सांगायला कुणी उभा राहत नाही. पहिल्या बाजार कायद्यातील ही चूक केवळ अनवधान नव्हती. ज्या पद्धतीने तो झाला, तिच्यातच ती होती.

५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व इंग्रजांनी पुन्हा मान्य केले आणि तोच मुलूख त्याच्याकडून वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने कायमचा घेतला. १९०१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे साडेसत्तावीस लाख होती. म्हणजे दर माणशी वर्षाला एक रुपयाही न पडणाऱ्या भाड्यात एक सुपीक प्रांत दुसऱ्याच्या हवाली झाला आणि त्या साडेसत्तावीस लाखांपैकी कुणाला काही विचारले गेले नाही. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या, म्हणजे नागपूरच्या, चीफ कमिशनरकडे आला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले: अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके तेव्हाच अकोल्यातून बुलढाण्यात आले.

राजकीय जागृतीत वऱ्हाड मागे नव्हता. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीला भरले. दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे निकटचे सहकारी. रघुनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. देशाच्या व्यासपीठावर ज्यांचा शब्द चालत होता, त्यांच्या स्वतःच्या मुलखाला कायदे करणारे सभागृह नव्हते. मध्य प्रांताचे कायदे कौन्सिल १९१४ मध्ये पहिल्यांदा भरले आणि वऱ्हाडसाठी एक विलक्षण तोड काढली गेली. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नाही, म्हणून तिथला माणूस ‘निवडून’ येऊ शकत नाही. तेव्हा वऱ्हाडच्या नगरपालिका, बोर्डे आणि जमीनदार यांनी माणूस निवडायचा आणि सरकारने त्याला ‘नियुक्त’ करायचे.

१९१९ च्या माँटेग्यू–चेम्सफर्ड सुधारणांनी हीच तोड कायद्यात पक्की केली. वऱ्हाडात मतदान होई, मते मोजली जात, उमेदवार विजयी ठरे. तरी कौन्सिलात बसायला गव्हर्नरची नियुक्ती लागे. वऱ्हाडातील निवडणुकीच्या निकालानुसार ज्यांची नियुक्ती होईल, ते निवडून आलेले सभासद समजावेत, असे कायद्यात लिहिले होते. मतदार मूठभरच होते, कारण मत जमीन महसूल किंवा प्राप्तिकर यांच्या प्रमाणावर ठरे. मलकापूर तालुक्यातील सारा भरणारा खातेदार मत देऊ शके, त्याच्या शेतातला मजूर नाही. हा अन्याय तर सगळ्याच प्रांतांत होता. वऱ्हाडात त्यावर आणखी एक थर होता: ज्याला मत होते, त्याचे मतही सरकारच्या सहीशिवाय पुरे होत नसे. दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीतही हीच पद्धत होती. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांची तिथल्या कामकाजात ‘बेरार रिप्रेझेंटेटिव्ह’ अशी वेगळी नोंद होई.

या व्यवस्थेतील विसंगती श्रीपाद बळवंत तांबे यांच्या कारकिर्दीत टोकाला पोचली. अमरावतीचे हे वकील स्वराज्य पक्षाकडून कौन्सिलात आले, १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. सरकारी पद न घेण्याचे पक्षाचे धोरण मोडले म्हणून मोतीलाल नेहरू संतापले, स्वराज्य पक्षात फूट पडली आणि पदे स्वीकारावीत असे म्हणणाऱ्या प्रतिसहकारवाद्यांचा वेगळा गट उभा राहिला. १९२९ मध्ये तांबे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर होते. ज्या मुलखातला माणूस साधा सभासद म्हणून सरळ निवडून येऊ शकत नव्हता, तिथला माणूस गव्हर्नरच्या खुर्चीत बसू शकत होता. इतके दिसल्यावर त्या कायदेशीर अडचणीत फारसा जीव उरत नाही. सरकारच्या मनात असेल तेव्हा ती ओलांडता येत होती.

दरम्यान १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगकडे वऱ्हाड परत मागितला. मुलूख परत मिळाला तर वऱ्हाडच्या लोकांना घटनात्मक गव्हर्नर आणि अंतर्गत कारभाराचे पूर्ण अधिकार देऊ, असे आश्वासन त्यांनी दिले. खुद्द हैदराबाद संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीचा मागमूस नसताना हे आश्वासन आले होते. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांना त्याचा भरवसा वाटला नाही आणि ते विरोधात गेले. २७ मार्च १९२६ रोजी रीडिंगने मागणी फेटाळली. कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही, हे त्याचे उत्तर संस्थानांच्या इतिहासात गाजले. त्या पत्रव्यवहाराचा भरही मुख्यतः सार्वभौमत्व कुणाचे, यावरच राहिला.

वऱ्हाडच्या लोकांची दुसरी तक्रार पैशांची होती. कापसामुळे वऱ्हाडचा महसूल भरघोस, पण तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भागांच्या मोठ्या प्रांतात वाटला जाई. वऱ्हाडचा पैसा वऱ्हाडवर किती खर्च व्हावा, हा नागपूरच्या कौन्सिलात नेहमीचा वाद होता आणि वाटणीसाठी सूत्रे ठरवावी लागली. प्रतिनिधी सभागृहात होते म्हणूनच हा हिशेब उघड मागता आला. रेसिडेंटच्या काळात तो मागायला जागाच नव्हती.

१९३५ च्या कायद्याने आणि त्यापाठोपाठ २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने शेवटची घडी बसली. निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, २५ लाखांचे भाडे चालू राहिले, निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, वऱ्हाडात निजामाचा झेंडा ब्रिटिश झेंड्याशेजारी फडकू लागला. प्रांताचे नाव ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ झाले आणि कारभार एक प्रांत म्हणून चालू लागला. १९३७ च्या निवडणुकीत ११२ जागांच्या विधानसभेत वऱ्हाडचे सभासद इतरांसारखेच निवडून गेले. काँग्रेसला बहुमत मिळाले आणि डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. मान, किताब आणि झेंडा राजाला, मत लोकांना, अशी ही वाटणी होती आणि आधीच्या सर्व करारांपेक्षा ती न्यायाला धरून होती. सार्वभौमत्वाचा प्रश्न न सोडवताही लोकांना पूर्ण प्रतिनिधित्व देता येते, हे तिने दाखवले. म्हणजे ते १९१४ मध्येही देता आले असते.

या सभागृहाने १ ऑक्टोबर १९३८ रोजी मराठी भागाचा वेगळा प्रांत करावा असा ठराव केला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर पोलीस कारवाई झाली आणि १९५० च्या राज्यघटनेनंतर निजामाच्या हक्काचा प्रश्नच उरला नाही. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नांदुऱ्यातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. तेव्हा राज्य मध्य प्रदेश होते आणि राजधानी नागपूर.

नेमक्या याच काळात दिल्लीचा प्रवास उलट दिशेने चालला होता. १९५२ मध्ये मिळालेली विधानसभा १९५६ मध्ये गेली, १९६६ मध्ये केवळ सल्ला देणारी महानगर परिषद आली आणि १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने विधानसभा परत आली, तीही पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय वगळून. वॉशिंग्टनच्या रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत १९६१ मध्ये मिळाले, पण प्रतिनिधीगृहातील त्यांच्या सदस्याला अंतिम मतदानाचा हक्क आजही नाही. राजधानीवर केंद्राचा ताबा हवा, हे कारण तिथे दिले जाते. वऱ्हाडात सार्वभौम दुसरा आहे, हे कारण होते. कारभाराची सोय कुठेही खरी असू शकते. तिच्यासाठी नागरिकाच्या मताला कात्री लावणे मात्र दोन्हीकडे सारखेच चुकीचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाडसह विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती बाजूला पडली आणि नागपूरची राजधानी गेली. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपूरला भरते. विधानसभेसाठी नांदुरा शहर मलकापूर मतदारसंघात आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर हा मतदारसंघ लोकसभेसाठी जळगाव जिल्ह्यातील पाच मतदारसंघांबरोबर रावेरला जोडला गेला. त्यामुळे वऱ्हाडातल्या या गावाचा खासदार आता खानदेशच्या मतदारांबरोबर निवडला जातो.