इंधन इथेनॉल : मानके व चाचणीपद्धती

पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी किंवा थेट इंजिनात जाळण्यासाठी तयार केलेल्या इथिल अल्कोहोलला इंधन इथेनॉल म्हणतात. मद्यातले इथेनॉल आणि हे इथेनॉल रसायन म्हणून एकच. फरक पडतो तो सोबत काय चालेल आणि काय चालणार नाही यात. पाणी, सेंद्रिय आम्ले, तांबे, क्लोराइड, सल्फेट, मिथेनॉल यांच्या कमाल मर्यादा मानकात दिलेल्या असतात आणि प्रत्येक मर्यादेसमोर ती मोजण्याची पद्धत नोंदलेली असते. पद्धत सांगितल्याशिवाय दिलेल्या आकड्याला या उद्योगात किंमत नाही, कारण प्रत्येक उपकरणाला एक गोष्ट दिसते आणि दुसरी दिसत नाही. मानकात दहा-बारा चाचण्या एकत्र मागितल्या जातात त्या यामुळेच.

भारतात निर्जल इथेनॉलसाठी आयएस १५४६४ हे भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे. ते २००४ मध्ये निघाले आणि २०२२ मध्ये सुधारले गेले. अमेरिकेत विकृत (म्हणजे पिण्यास अयोग्य) केलेल्या इंधन इथेनॉलसाठी एएसटीएम डी ४८०६, युरोपात ईएन १५३७६, तर ब्राझीलमध्ये तेथील राष्ट्रीय पेट्रोलियम संस्था एएनपी हिचे नियम लागू असतात.

सगळ्या मानकांच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न आहे. मळी, उसाचा रस किंवा धान्य आंबवून केलेले ऊर्ध्वपातन वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर अडते. त्या प्रमाणात इथेनॉल व पाण्याचे मिश्रण ७८.२ अंश सेल्सिअसच्या आसपास एकत्रच उकळते आणि स्तंभ कितीही उंच केला तरी उरलेले पाणी सुटत नाही. आसवनीत याला रेक्टिफाइड स्पिरिट म्हणतात. पुढचा टप्पा मॉलिक्युलर सीव्हचा. झिओलाइटच्या मण्यांतील छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू आत शिरून अडकतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरून निघून जातो. दोन पात्रे आळीपाळीने चालतात, एक पाणी शोषते तेव्हा दुसरे निर्वातात वाळवले जाते. मणी झिजले किंवा वाळवणे अपुरे राहिले की सर्वांत आधी घनतेचा आकडा वर सरकतो.

भारतीय मानकाच्या २००४ च्या आवृत्तीत १५.६ अंशांवर इथेनॉलचे प्रमाण आकारमानाने किमान ९९.५ टक्के आणि सापेक्ष घनता कमाल ०.७९६१ ठेवली आहे. आम्लता, असेटिक आम्ल धरून, लिटरमागे कमाल ३० मिलिग्रॅम. आल्डिहाइड ६० मिलिग्रॅम. मिथेनॉल ३०० मिलिग्रॅम. तांबे किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, बाष्पीभवनानंतरचा अवशेष वजनाने ०.००५ टक्के, विद्युत संवाहकता मीटरमागे ३०० मायक्रोसीमेन्स. क्षारता अजिबात नको, आणि नमुना स्वच्छ व चमकदार हवा.

यांतली घनता ही टँकर उभा असताना लगेच होणारी चाचणी. काचेचे हायड्रोमीटर, उंच नळकांडे आणि तापमापक एवढ्यावर ती होते आणि म्हणूनच तिच्यावर विसंबण्याचा मोह मोठा असतो. पण शुद्ध इथेनॉलची सापेक्ष घनता सुमारे ०.७९४ आणि मर्यादा ०.७९६१, म्हणजे सगळा खेळ तिसऱ्या दशांश स्थानावर आहे. इथेनॉल तापमानाने बरेच प्रसरण पावते. दर अंशाला घनता सुमारे ०.०००८५ ने घटते. तापमान वाचताना १ अंशाची चूक झाली तर इथेनॉलच्या प्रमाणात जवळजवळ ०.२ टक्क्यांची चूक येते, आणि मानकाने दिलेली सवलत फक्त अर्ध्या टक्क्याची आहे. उन्हात तापलेल्या टँकरमधून काढलेला नमुना नळकांड्यात स्थिरावू न देता वाचला तर पास-नापास हे नशिबावर जाते. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. मिथेनॉलची घनता इथेनॉलच्या इतकी जवळ आहे की घनतेवरून दोघांत भेद करता येत नाही. मिथेनॉल विषारी आहे, अॅल्युमिनियमसारख्या धातूंना खाते आणि पाण्याशी त्याचे सख्य अधिक आहे. म्हणून ते वेगळ्या पद्धतीने शोधावेच लागते.

ती पद्धत म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी. अमेरिकी पद्धत डी ५५०१ मध्ये नमुन्याचा सूक्ष्म थेंब तापवून लांब, बारीक नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. मिथेनॉल आधी, इथेनॉल त्यानंतर असे घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडून ज्योतीत जळतात आणि प्रत्येकाचा संकेत नोंदला जातो. परंतु ज्योतीचा हा शोधक जळणाऱ्या कार्बनी पदार्थांनाच प्रतिसाद देतो. पाणी त्याला दिसत नाही. त्यामुळे या यंत्रावरून काढलेली शुद्धता स्वतंत्रपणे मोजलेल्या पाण्याने दुरुस्त करावी लागते. शुद्धतेच्या एका आकड्यामागे दोन यंत्रे उभी असतात.

दुसरे यंत्र कार्ल फिशर अनुमापनाचे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये ही पद्धत मांडली. आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड यांची विक्रिया पाणी असेल तरच पुढे सरकते या तत्त्वावर ती चालते. कूलॉममापी प्रकारात आयोडीन भांड्यातच विजेने तयार केले जाते आणि खर्च झालेल्या विजेवरून पाणी काढतात. १ मिलिग्रॅम पाण्याला १०.७१ कूलॉम. समजा नमुन्यात ०.३ टक्के पाणी आहे. १ ग्रॅम नमुना म्हणजे ३ मिलिग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे ३२ कूलॉम, आणि एवढी वीज अचूक मोजणे सोपे आहे. अवघड असते ते नमुना कोरडा राखणे. इथेनॉल हवेतून पाणी ओढते. नमुना रबरी बुचातून इंजेक्शनच्या सिरिंजने घ्यावा लागतो, सिरिंज आधी त्याच नमुन्याने विसळावी लागते, आणि सिरिंजचे वजन टोचण्याआधी व नंतर करून आत गेलेले प्रमाण ठरवतात. पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर यंत्र टँकरमधल्या पाण्याऐवजी प्रयोगशाळेच्या हवेतले पाणी मोजू लागते.

आम्लाच्या बाबतीत तीन चाचण्या आहेत आणि तिघी एकमेकींची उणीव भरून काढतात. आंबवण्याच्या टाकीत जिवाणूंचा शिरकाव झाला की असेटिक आम्ल वाढते; ते अल्कलीने अनुमापन करून काढतात. ही एकूण आम्लता. पण सल्फ्युरिक आम्लासारखे तीव्र आम्ल अगदी थोडे असले तरी धातू खाते, आणि एकूण आम्लतेच्या आकड्यात ते सहज झाकले जाते. त्यासाठी अमेरिकेत पीएचई ही चाचणी आली. चाचणी डी ६४२३ नुसार काचेचा इलेक्ट्रोड ढवळत असलेल्या इथेनॉलमध्ये बुडवून ३० सेकंदांनी वाचन घेतात. हे पाण्यातले पीएच नव्हे, आणि वाचन वेळेनुसार सरकत राहते म्हणूनच ३० सेकंदांची अट. यासाठी ६.५ ते ९.० ही मर्यादा ठरली. खाली गेल्यास इंजिन व इंधनपंपाच्या भागांची झीज होते, वर गेल्यास पंपातील प्लास्टिकच्या भागांना धोका. भारत आणि युरोप यांनी संवाहकतेवर भर दिला, कारण आयन कुठलेही असोत, ते वीज वाहतात. इथे आकड्यांची तुलना करताना सावध राहावे. भारताचे ३०० मीटरमागे आहेत, युरोपचे २.५ सेंटिमीटरमागे, एकाच एककात आणले तर ३०० आणि २५०. कागदावर शंभरपट दिसणारा फरक प्रत्यक्षात थोडासाच आहे.

तांब्याची मर्यादा बहुतेक मानकांत ०.१ मिलिग्रॅम आहे, कारण तांबे पेट्रोलच्या ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवते आणि टाकीत डिंकासारखा चिकट थर बसतो. सल्फेटचा धडा मात्र अनुभवातून आला. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत वितरणयंत्रांचे फिल्टर तुंबण्याच्या आणि इंजेक्टरवर पुटे चढण्याच्या तक्रारी आल्या. इथेनॉलमध्ये विरघळलेला सल्फेट पेट्रोलमध्ये मिसळताच न विरघळता खाली बसत होता. निर्जल इथेनॉलचा नमुना पाहून तो दोष कळत नव्हता. त्यानंतर सल्फेटवर किलोमागे ४ मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि आयन क्रोमॅटोग्राफीच्या पद्धती प्रमाणित झाल्या.

ब्राझील, युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्या तज्ज्ञांनी डिसेंबर २००७ मध्ये तयार केलेल्या श्वेतपत्रिकेत तिन्हींची मानके समोरासमोर ठेवली. इथेनॉलच्या १६ निकषांपैकी ९ आधीच जुळत होते, ६ जुळवता येण्याजोगे होते आणि मूलभूत मतभेद उरला तो एकाच निकषावर, पाण्यावर. युरोप वजनाने ०.३ टक्क्यांवर ठाम, अमेरिकेत आकारमानाने १ टक्का चालत असे. यामागे हट्ट नसून मिश्रणाचे गणित आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल जितके कमी आणि हवा जितकी थंड, तितके कमी पाणी ते मिश्रण धरून ठेवते. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये १५ अंशांच्या आसपास सुमारे ०.५ टक्के पाणी मावते. त्यापुढे थर फुटतो: पाणी आणि इथेनॉल तळाशी जातात, वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, आणि नळी तळातून इंधन उचलत असेल तर गाडी बंद पडते.

मिश्रण झाल्यावर पेट्रोलच्या जुन्या चाचण्याही तपासून घ्याव्या लागल्या. बाष्पदाब मोजण्याची रीडची मूळ पद्धत ३७.८ अंशांवरची होती आणि तिच्या उपकरणात थोडे पाणी राहिले तरी चालत असे, कारण पेट्रोल पाण्यात मिसळत नाही. इथेनॉल मात्र त्या पाण्यात उतरते आणि आकडा बिघडतो. म्हणून मिश्रणासाठी कोरडी पद्धत अनिवार्य झाली. थोडे इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलचा बाष्पदाब कमी न होता वाढतो, १० टक्क्यांना सुमारे ७ किलोपास्कल. त्यामुळे उन्हाळ्यात ही चाचणी नुसती औपचारिक राहत नाही.

पेट्रोलपंपाच्या पातळीवर ब्राझीलची पद्धत सर्वांत स्पष्ट आहे. १०० मिलिलिटरच्या बुचाच्या नळकांड्यात ५० मिलिलिटर पेट्रोल आणि ५० मिलिलिटर १० टक्के मिठाचे पाणी घेतात, उलटसुलट करून स्थिर ठेवतात. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. पाण्याची रेघ ५० वरून ६३ वर गेली तर वाढ १३. तिची दुप्पट करून १ मिळवतात, म्हणजे २७ टक्के. ग्राहकाने मागणी केली तर पंपचालकाला ही चाचणी करून दाखवावी लागते. ब्राझीलमध्ये साधारण ६-७ टक्के पाणी असलेले इथेनॉलही पंपावर थेट विकले जाते आणि त्या पंपावर पारदर्शक काचेत घनतामापक बसवलेला असतो. निर्जल इथेनॉलमध्ये पाणी घालून ते तसे विकण्याची लबाडी रोखण्यासाठी निर्जल मालाला नारिंगी रंग देण्याचा नियम तिथे आहे. ज्याच्या हातात प्रयोगशाळा नाही त्यालाही फसवणूक दिसावी, हा विचार मला इतर देशांनी उचलावा असा वाटतो.

भारतात पंपावरचा रोजचा भरवसा घनतेच्या नोंदवहीवर आणि टाकीत उतरवायच्या मोजपट्टीवर असतो. मोजपट्टीला लावायची साधी पाणीशोधक पेस्ट पाणी-इथेनॉलच्या थरात नीट रंग बदलत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट लागते. कोकणासारख्या भागात, जिथे चार महिने जमीन पाण्याने भरलेली असते, भूमिगत टाकीच्या झाकणाचा आणि श्वासनळीचा बंदोबस्त हा चाचणीइतकाच महत्त्वाचा.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. २००१ मध्ये ५ टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे झाले आणि २००३ मध्ये ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत कार्यक्रम सुरू झाला. मांजरीची वसंतदादा साखर संस्था आसवन्यांना अल्कोहोल तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण व विश्लेषणाची मदत देते. पुण्यातील एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत २० टक्के मिश्रणाचा रबर, प्लास्टिक आणि धातूंवरचा परिणाम तपासला गेला. १० टक्क्यांचे लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्क्यांचे इंधन फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर आले. त्याचे मानक आयएस १७०२१ हे २०१८ चे; ८५ टक्के मिश्रणासाठी आयएस १६६३४, आणि १२ व १५ टक्क्यांसाठी आयएस १७५८६. मिसळायच्या इथेनॉलचे मानक आणि मिश्रणाचे मानक ही दोन स्वतंत्र कागदपत्रे आहेत. आसवनीने पहिले पाळले तरी वाहतुकीत किंवा डेपोत पाणी शिरले तर दुसरे मोडते. म्हणून आसवनीतून निघताना सीलबंद ठेवलेला नमुना आणि डेपोत उतरवण्यापूर्वी काढलेला नमुना हे दोन्ही जपावे लागतात. वाद उभा राहिला तर निकाल त्या दोन बाटल्यांच्या तुलनेवर लागतो.