दंतोपचार व चेहऱ्याच्या तंत्रिकांच्या इजा

दंतोपचार : चेहऱ्याच्या तंत्रिकांच्या इजा. दात काढणे, बधिरीकरणाची सुई टोचणे इ. दंतोपचारांमध्ये चेहरा, जबडा व जीभ यांच्या तंत्रिकांना (मज्जांना) पोहोचणाऱ्या इजा. या इजा मुख्यतः दोन मस्तिष्क तंत्रिकांना संभवतात. सातवी म्हणजे आनन तंत्रिका चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल घडविते. पाचवी म्हणजे त्रिमूल तंत्रिका चेहरा, दात व जिभेचा पुढील भाग यांच्या संवेदना मेंदूकडे नेते. पहिलीला इजा झाल्यास चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते, डोळा मिटत नाही व तोंड वाकडे होते. दुसरीला इजा झाल्यास ओठ, हनुवटी वा जीभ बधिर होते, मुंग्या येतात किंवा वेदना होतात. हा भेद स्पष्ट होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

इतिहास : दात काढणे व चेहऱ्याचा पक्षाघात यांचा संबंध प्राचीन भारतीय वैद्यांनीही जोडला होता. वरचा घट्ट दात मुळासकट उपटल्यास अतिरक्तस्राव होऊन रोग्यास काणेपणा व अर्दित (तोंड वाकडे होणे) जडते. म्हणून वरचा दात हलत असला, तरी वैद्याने तो काढू नये, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. ही कारणमीमांसा रक्तस्रावावर आधारलेली होती.

अठराव्या शतकात यूरोपमध्ये चेहऱ्याच्या तंत्रिकाशूलावर दात काढून टाकण्याचा इलाज केला जाई. दुखऱ्या बाजूचे सर्व दात काढूनही वेदना कायम राहिल्याचे जॉन हंटर यांनी १७७८ मध्ये नमूद केले. काही शस्त्रवैद्य या शूलासाठी आनन तंत्रिका कापीत. त्यामुळे वेदना तशीच राही आणि चेहरा मात्र लुळा पडे. चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या दोन तंत्रिकांची कार्ये भिन्न असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मांडणीतील उणिवा हर्बर्ट मेयो यांनी १८२२ मध्ये प्रयोगांनी दूर केल्या.

दंतवैद्याची सुई तंत्रिकेजवळ हेतुपुरस्सर जाऊ लागली, ती स्थानिक बधिरीकरणामुळे. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनाने डोळा बधिर करून दाखविला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड व रिचर्ड हॉल यांनी खालच्या जबड्याच्या तंत्रिकेजवळ कोकेन टोचून दात बधिर केले. स्वतःवर प्रयोग करताना दोघांनाही कोकेनाचे व्यसन जडले. पुढे आल्फ्रेट आइनहॉर्न यांनी तयार केलेले प्रोकेन १९०५ पासून वापरात आले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. दंतोपचार वेदनारहित झाले, पण सुईमुळे होणाऱ्या इजांची शक्यताही निर्माण झाली.

सुईमुळे होणाऱ्या इजा : खालची दाढ बधिर करताना सुई जबड्याच्या आतील बाजूने सरकवितात. ती फार मागे गेल्यास औषध कानाजवळच्या लाला ग्रंथीत शिरते. आनन तंत्रिकेच्या शाखा याच ग्रंथीतून जात असल्याने काही मिनिटांतच चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. रोग्यास पक्षाघाताचा झटका आल्यासारखे वाटते. म्हणून खरे कारण समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. औषधाचा अंमल उतरताच, बहुधा काही तासांत, हालचाल पूर्ववत होते. तोपर्यंत डोळा कोरडा पडू नये म्हणून तो पट्टीने झाकतात. क्वचित पक्षाघात काही दिवसांनी उद्‌भवतो. शरीरात सुप्त असलेले विषाणू जागृत होणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात.

अक्कलदाढ : त्रिमूल तंत्रिकेच्या इजांचे हे प्रमुख कारण होय. खालच्या अक्कलदाढेची मुळे कित्येकदा जबड्यातील तंत्रिकेच्या नलिकेला भिडलेली असतात, तर जिभेची तंत्रिका दाढेच्या आतील बाजूस पातळ आवरणाखाली असते. क्ष-किरण चित्रांवरून नलिकेचे सान्निध्य आधी ओळखता येते. धोका जास्त असल्यास दाढेचा फक्त माथा कापून मुळे जबड्यातच ठेवण्याची पद्धती १९८४ मध्ये वर्णिली गेली.

उपचार : तुटलेल्या तंत्रिकेचा पुढील भाग ऱ्हास पावतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेवरील प्रयोगांनी दाखविले. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये तंत्रिकांच्या इजांचे तीन प्रकार केले : संवहन तात्पुरते थांबणे, आतील अक्षदंड तुटूनही बाह्य आवरण शाबूत राहणे आणि संपूर्ण तंत्रिका तुटणे. पहिला प्रकार आपोआप बरा होतो. दुसऱ्यात अक्षदंड दिवसाला सुमारे १ मिमी. या गतीने वाढत असल्याने सुधारणेस महिने लागतात. तिसऱ्यात शस्त्रक्रियेवाचून भरून येण्याची आशा फार थोडी असते. म्हणून बधिर भागाची वारंवार तपासणी करून सीमा नोंदवितात. काही महिन्यांत सुधारणा न दिसल्यास सूक्ष्मदर्शकाखाली टोके जोडतात किंवा अन्यत्रची तंत्रिका कलम करतात. दंतमुळात भरलेले द्रव्य वा कृत्रिम दाताचा खिळा तंत्रिकेवर दाब देत असल्यास मात्र वाट न पाहता तो तत्काळ काढावा लागतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनांवर तंत्रिकाशूलाची औषधे देतात. पूर्ण संवेदना परतेलच, अशी खात्री देता येत नाही. त्यामुळे उपचारापूर्वी रोग्यास या शक्यतेची जाणीव देणे व बधिरपणा उतरला नाही, तर त्वरित कळविण्यास सांगणे आवश्यक ठरते.