आठ दशांश सेकंदांची नोकरी

एका माणसाची नोकरी आठ दशांश सेकंदांपायी गेली, ती हकीकत आज सांगायची आहे. साल १७९६. ठिकाण इंग्लंडमधली ग्रीनिच वेधशाळा. तिथले शाही खगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन आणि त्यांचा मदतनीस डेव्हिड किनेब्रुक.

काम नाजूक होते. दुर्बिणीत उभ्या बारीक तारा ताणलेल्या असत. आकाशातला तारा त्यातली एकेक तार नेमका केव्हा ओलांडतो, हे टिपायचे. डोळा ताऱ्यावर, कान घड्याळाच्या ठोक्यांवर. ओलांडणे दोन ठोक्यांच्या मध्ये झाले, तर सेकंदाचा कितवा दहावा भाग, ते अंदाजाने ठरवायचे. किनेब्रुकची नोंद साहेबांच्या नोंदीपेक्षा आधी अर्ध्या सेकंदाने, मग ०.८ सेकंदाने उशिरा पडू लागली. एवढ्या वेळात विषुववृत्तावर पृथ्वी सुमारे ३७० मीटर फिरते, आणि दर्यावर्दींची गणिते तर अशाच वेधांवर उभी. माणूस मेहनती आहे हे मान्य करूनही मॅस्केलिन यांनी त्याला निरोप दिला.

पुढे ही हकीकत कोनिग्सबर्गचे खगोलज्ञ फ्रीड्रिश बेसेल यांच्या वाचनात आली. १८२० पासून त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर निष्णात निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. फरक निघाला, तोही एका सेकंदाहून जास्त! म्हणजे आळस कुणाचाच नव्हता. डोळ्याने पाहिलेले आणि कानाने ऐकलेले मनात एकत्र येण्याची प्रत्येकाची वेळ निराळी. मी कविता लिहिणारा माणूस, मला याचे नवल वाटत नाही. एकच ओळ दोघे म्हणू लागले, तर मात्रा त्याच राहतात, पण यती सारखी पडत नाही.

१८५०च्या सुमारास यावर विजेचा उपाय आला. फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला. घड्याळ दर सेकंदाला त्यावर खूण उमटवी आणि निरीक्षक तारा दिसताच कळ दाबून आपली खूण करी. खुणांमधले अंतर मागाहून पट्टीने मोजायचे. क्षण टिपणे वेगळे आणि तो मोजणे वेगळे, ही त्यातली मोठी युक्ती. बोटाचा उशीर मात्र उरलाच.

हीच युक्ती आज नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये आहे. १९८०च्या दशकातल्या मोटोरोलाच्या ६८एचसी११ या चिपमध्येही ती होती. टायमर म्हणजे अखंड चालणारी मोजणी. समजा, ती सेकंदाला १ कोटी ६० लाख आकडे मोजते आहे. बाहेरून, उदाहरणार्थ गाडीच्या इंजिनाचे चाक फिरताना सेन्सरकडून, विजेचा संकेत आला, की त्या क्षणीचा आकडा एका वेगळ्या रजिस्टरमध्ये आपोआप उतरतो. मोजणी थांबत नाही. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतलेला असला तरी बिघडत नाही. तो मागाहून आकडा वाचतो. पुढचा संकेत आला, की दुसरा आकडा. दोहोंची वजाबाकी म्हणजे मधला काळ.

मर्यादा इथेही आहेत. १६ बिटांची मोजणी ६५,५३६ पायऱ्यांनी पुन्हा शून्यावर येते. आपल्या वेगाने हे दर ४.०९६ मिलिसेकंदांनी घडते. काळ त्याहून लांब असेल, तर झालेल्या फेऱ्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. शिवाय पुढचा संकेत येण्याआधी आकडा वाचला नाही, तर तो पुसला जाऊ शकतो.

या यंत्राला आपण अचूक म्हणतो, पण उशीर प्रोसेसरलाही होतोच. फक्त त्याच्या उशिराची तजवीज आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे त्याचा बोल कुणाला लागत नाही. किनेब्रुकसाठी अशी तजवीज कुणी केलेली नव्हती. कुणाच्या कामातला विलंब मोजायला बसण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.